पहिलं पाणी ग्यानबाचं

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, तसेच आपल्या गावच्या क्रांतिवीर स्मारक समितीचे अध्यक्ष, म्हणजे एकाच खुर्चीत बसलेले दोन अध्यक्ष, माननीय उकंडराव. शिरपूर जैनहून आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्या दुकानातली शाल आत्ता माझ्या खांद्यावर आहे आणि ज्यांनी दिलेला दगड माझ्या मागे कापडाखाली झाकलेला आहे, ते शेठ नथमलजी. मुख्याध्यापक प्रसेनजित सर. माझे सहकारी, माझ्या हातचा मार खाल्लेले आणि नशिबाने वाचलेले माझे विद्यार्थी, आणि या गावच्या लेकी-सुनांनो,

इतका वेळ माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते ऐकून मला त्या सुचिता मॅडमना एकदा भेटावंसं वाटू लागलं आहे. काय बाई असेल! कधी रागावली नाही, कधी उशिरा आली नाही, इतिहासासारखा विषय तिने मुलांना गोड करून सांगितला. माझे यजमान गजेंद्रराव दुसऱ्या रांगेत बसून हे सगळं ऐकताहेत आणि ही बाई कोण म्हणून इकडेतिकडे पाहताहेत, ते मला इथून दिसतंय.

आज माझा निरोप आहे आणि स्मारकाच्या शिलेचं अनावरणही. दोन्ही एकत्र का? तर मंडप एकच, जेवण एकच, असं प्रसेनजित सर म्हणाले. योग्यच आहे. मी ते मोडणार नाही. पण मी इतिहासाची शिक्षिका, आणि मला इतिहासाच्या शेजारी उभं करून बोलायला सांगितलंय, ही चूक माझी नाही.

त्या कापडाखाली काय कोरलंय ते मला पाठ आहे, कारण शुद्धलेखन तपासायला मजकूर माझ्याकडेच आला होता. 'क्रांतिवीर नथ्थूजी व क्रांतिवीर ग्यानबाजी यांनी खांद्याला खांदा लावून जुलमी इंग्रज अधिकाऱ्यास ठार केले. ग्यानबाजी गोळी लागून धारातीर्थी पडले. नथ्थूजी अंदमानात हसत हसत फासावर गेले.' शुद्धलेखनात एकही चूक नाही. बाकी सगळं चूक आहे.

उकंडराव, बसा, बसा. भाषण आत्ताशी सुरू झालंय.

नथ्थूजी म्हणजे माझ्या यजमानांचे खापरपणजोबा, आणि ग्यानबाजी म्हणजे उकंडरावांचे. आता गजेंद्ररावांच्या शेजारी बघा. निळ्या ड्रेसमधली ती मुलगी तनुजा. पोर्ट ब्लेअरहून आली आहे. कार्यक्रम पत्रिकेत तिचा उल्लेख 'पर्यटक पाहुण्या' असा आहे. मेडशीच्या रस्त्याने एसटीचे हादरे खात आपल्या गावात पर्यटनाला कोण येतं, मला सांगा? ही मुलगी नथ्थूजींच्या अंदमानातल्या वंशातली आहे. आपलं गाव कोणतं, एवढंच पाहायला आली आहे. इथल्या कुणीतरी 'हो बाई, तू इथली' म्हणावं, एवढीच तिची हौस. आणि त्या दगडाप्रमाणे नथ्थूजी तर जाऊन लगेच फाशी गेले! फाशी गेलेल्या माणसाला तिकडे नातवंडं-पतवंडं कुठून? म्हणजे ते कापड ओढलं की तनुजा या गावाची कुणी नाही, हे कायमचं कोरलं जाईल. म्हणून कापड ओढायच्या आधी मला बोलायचं आहे.

आमच्या दोन घरांची एक जुनी रीत आहे, ती सगळ्या गावाला माहीत आहे. उकंडरावांच्या घरचा माणूस आमच्या घरचं पाणी पीत नाही. चहा पितो. ताक पितो. लग्नात आमच्याकडे पंगतीला बसतो, पण पाण्याचा तांब्या घरून आणतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "रीत हाये." मी उकंडरावांना विचारलं, ते म्हणाले, "वहिनी, आमच्या घरचा कुळाचार हाये." कसला कुळाचार, कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही शेतांना विहीर मात्र एक! आणि आत्तासुद्धा पाहा, टेबलावर आमच्या घरून भरून आणलेला तांब्या आहे, आणि अध्यक्षांच्या पुढ्यात त्यांची स्वतःची सीलबंद बाटली आहे.

तर आमच्या मुलाने, हर्षलने, आम्हा दोघांना अंदमानला पाठवलं. निघताना उकंडरावांनी माझ्या हातात चांदीची डबी दिली. "वहिनी, नथ्थूजीच्या कोठडीतली माती आना. कलशात ठेवू." मोठी भावनेची माणसं आपण! तिथे गेल्यावर मी जेलच्या दारात डबी उघडून उभी. गाइड हसायला लागला. "मैडम, आपके दादाजी के टाइम में ये जेल था ही नहीं." जेल नंतर बांधला म्हणे. त्याच्या आधी आलेल्या कैद्यांना जंगल तोडायला लावायचे. जे जगले-वाचले, नीट वागले, त्यांना पुढे तुकडा-दोन तुकडे जमीन मिळायची, कैदी बाईशी लग्न करायची मुभा मिळायची. त्यांची पोरंबाळं आजही तिथेच आहेत. मी सगळीकडे एकच विचारत सुटले: बरारकडून, म्हणजे आपल्या वऱ्हाडाकडून, आलेल्या माणसाचं घर कोणतं? दोन-चार ठिकाणी नकाराच्या माना हलल्या. मग भाजीबाजारातल्या एका बाईने शहराबाहेरच्या एका मळ्याचा पत्ता सांगितला.

मळ्यात तनुजाचे वडील, करण, वांग्यांना पाणी घालत होते. आता आपण मळ्याची माणसं, दुसऱ्याचा मळा दिसला की नमस्कार करायच्या आधी वाफे बघतो. गजेंद्ररावांनीही तेच केलं. करणभाऊंनी पहिली बादली भरली, कुंपणाबाहेर नेली आणि मोकळ्या जमिनीवर ओतून दिली. गजेंद्रराव कळवळले, "अहो, पाणी कायले वाया घालवून राह्यले?" ते म्हणाले, "पहले ग्यानबा का पानी. बाद में हमारा."

मी म्हटलं, कौन ग्यानबा?

ते आपल्या बापाचं नाव सांगावं इतक्या सहज म्हणाले, "जिसको हमारे पुरखे ने मारा था. पानी के झगड़े में. उस दिन बारी उसकी थी."

मंडळी, तिथे ना इंग्रज होता, ना बंदूक. सामाईक विहीर होती आणि मोटेच्या पाण्याची पाळी होती. ग्यानबाचा दिवस होता. नथ्थूची वांग्याची रोपं सुकत चालली होती, म्हणून त्याने पाट आपल्या वावरात वळवला. ग्यानबा जाब विचारायला आला, आणि नथ्थूने हातातलं फावडं घातलं. एका घावात माणूस गेला. सरकारी कागदातही हेच निघालं, पण कागद मी नंतर पाहिला. त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप लेकाला सांगत आला आहे, की आपण खुन्याचे वंशज आहोत, म्हणून पहिली बादली आपली नाही. आणि इकडे ज्यांचा माणूस गेला त्यांनाही खरं माहीत नाही, आणि ज्यांनी मारला त्यांनाही नाही. दोघांनी मिळून समिती काढली आणि खांद्याला खांदा लावून स्मारकासाठी दोन पुतळ्यांची ऑर्डर दिली!

मला तिथे रडू आलं. खोटं कशाला सांगू?

जेलची माती काही मिळाली नाही. मग मी कुंपणाबाहेरची, ग्यानबाचं पाणी जिथे पडतं तिथली माती डबीत भरली. परवा तुम्ही वाजतगाजत कलशात ठेवून, फुलं वाहून जिची पूजा केली, ती हीच. पूजा वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही. समितीच्या हातून घडलेलं तेवढं एकच काम बरोबर झालं आहे.

परत आल्यावर मी उकंडरावांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, दगड कोरून झाला. तुमी कायले उकरून राह्यल्या? माह्या माणसाले इंग्रजानं मारलं म्हटलं तं मान हाये. शेजाऱ्यानं पाण्यापायी मारलं म्हटलं तं काय हाये? कुत्र्याचं मरन." आणि तनुजाबद्दल म्हणाले, "ते पोरगी येते तं येऊ द्या. पाव्हनी म्हनून जेवू घाला. नात्याचं नका काढू." उकंडराव, तुमचा राग मला समजतो. हसण्यावारी नेते आहे ते माझ्या जिभेच्या खोडीमुळे. पण इंग्रजाच्या गोळीने मेलेल्या माणसाला वर्षातून एकदा हार मिळतो. तुमच्या ग्यानबाला समुद्रापलीकडे रोज पाणी मिळतंय. आणि ते मारणाऱ्याच्या घरून मिळतंय. सांगा, मान कशात जास्त?

आमच्या घराचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्याचंच धुणं धुते. नथ्थूजींची इकडची बायको आवडाबाई. नवऱ्याला काळ्या पाण्यावर नेल्यावर गावाने त्याचा गवताचा पुतळा करून जाळला, तेरावं उरकलं आणि हिला कुंकू पुसायला सांगितलं. तिने पुसलं नाही. मरेपर्यंत लावलं. आमच्या घरात आजही कुणी हट्टाला पेटलं की 'आवडाबाईसारखी येडी' म्हणतात. आता कळलं ना येडी कोण होतं? तिचा नवरा जिवंत होता, आणि सगळ्या गावात ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. अर्थात, ही इकडे कुंकू लावत होती आणि ते तिकडे दुसरं लग्न करून वांगी लावत होते! पुरुषांच्या इतिहासात अशा गोष्टी चालायच्याच. गजेंद्रराव, मान खाली घालू नका, तुम्हाला नाही म्हणत.

मला एकही नणंद नव्हती. मी सुखात होते. निवृत्तीच्या तोंडावर देवाने ही तनुजा पाठवली. आली त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात वांग्याच्या भरतात तेल कमी पडलं म्हणून सांगते. म्हणजे नणंदच आहे, शंका नको.

प्रसेनजित सरांनी चिठ्ठी पाठवली आहे: 'वेळेचे भान ठेवावे.' ठेवते. आपण सर्वांनी माझा सत्कार केलात, त्याबद्दल मी आभारी आहे. जेवण करणाऱ्या बायांचे आभार कुणीच मानत नाही, ते मी मानते. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, पण जे खरं होतं तेवढं घालू नका, ते बाहेर राहू द्या.

आता एकच काम. तनुजा, इधर आओ. घाबरू नको, ये. आधी पदर... अगं, ड्रेसला पदर कुठला? ती ओढणी धर. हा समितीने मला दिलेला नारळ, ही नथमलजींची शाल. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरतात आमच्याकडे. अंदमानात नारळ ढीगभर असतील, माहेरचा नव्हता. धर नीट.

आता तो तांब्या घे. आपल्या विहिरीचं पाणी आहे त्यात, त्याच विहिरीचं. मला देऊ नको. त्यांना दे, मधल्या खुर्चीत बसलेत त्यांना. तुमच्या घरी रोज कुणाला आधी देता? त्याच्याच घरचे आहेत हे.

उकंडराव, बळजबरी नाही. बाटली तुमची तुमच्यापुढे आहे. पण पोरगी लांबून तुमच्या माणसाचं पाणी घेऊन आली आहे.

...

घोट घोट घ्या, ठसका लागेल. डोळ्यांतून पाणी येतंय ते ठसक्याचंच आहे, असं आम्ही सगळे समजू.

काय म्हणालात? माइक जवळ घ्या, मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही. "पोरगी आमच्या गावची हाये." ऐकलंत सगळ्यांनी? हे मी नाही म्हटलं हं, अध्यक्षांनी म्हटलं, तेही दोन्ही समारंभांच्या.

नथमलजी, दगड दुसरा लागेल.