नाव सांगा, मंग बोला

लिवा ताई, पण सुरुवातीलाच हे लिवा की मी पुण्याला आले न्हाय, पुणं माझ्या दारात आलंय. माहेर माझं मुळशीकडलं, लगीन होऊन हितं आले तवा हे गाव व्हतं, चारी बाजूंनी ऊस आणि कांदा, आणि दर गुरुवारी बाजारतळावर बाजार. सासूच्या शेजारी बसून मेथी-शेपूच्या जुड्या बांधायला शिकले, सासू गेली तशी चिंचेखालची तिची जागा माझी झाली, आणि अजून तीच हाय. म्हंजे व्हती. आता तिथं पत्रे ठोकल्यात. सांगते त्याचं, पण जरा दमानं सांगते, नाव काढलं की माझं टाळकं सरकतंय.

आमची ग्रामसभाबी त्याच बाजारतळावर भरायची. आदल्या दिशी बापू हलगी घेऊन आळीआळीनं फिरायचा, सभा हाय हो, समद्यांनी यायचं. मी पंच व्हते तवा, बायकांच्या जागेवर निवडून आलेली, लोक म्हणायचे आता हिचा नवराच कारभार बघणार, मी नवऱ्याला म्हटलं तुमी म्हशी बघा. आता सभा म्हंजे काय देवाचं कीर्तन नव्हतं, शिव्यागाळी व्हायची, सरपंच आपल्या भावकीचंच बघायचा, समदं व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण रीत एक व्हती. बोलायचं त्यानं उभं ऱ्हायचं, आदी नाव सांगायचं, आळी सांगायची, मंग बोलायचं. आणि सरपंचाला ते बसून ऐकावं लागायचं, उत्तर द्यावं लागायचं. पळून जातो कुटं, संध्याकाळी त्याच पारावर बसायचं असायचं त्याला.

मंग गाव शहरात घेतलं. ग्रामपंचायत गेली, सभा गेली, बापूची हलगी वरातीपुरती ऱ्हायली. वर कित्येक वर्षं महापालिकेची निवडणूकच न्हाय, नगरसेवकच न्हाय, समदा कारभार पालिकेच्या साहेबांच्या सहीवर. काय सांगू तुमाला, नगरसेवक निवडायला बोटाला शाई लावायलासुदिक कुणी बोलवेना. माणसानं तक्रार सांगायची तर कुणाला, त्या हापिसातल्या पंख्याला?

ह्याच्यात लेकीचं बाळंतपण आलं. मनीषा माझी अमेरिकेत, लहानसं शहर हाय, नाव काय माझ्या जिभेवर बसत न्हाय. गेले डिंकाचे लाडू घेऊन. नातू झाला, समदं नीट झालं, आणि एक दिवस माझ्या शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या शांताबाईचा फोन. रडत व्हती. म्हणाली यमुने, बाजारतळाला पत्रे ठोकले, बाग करायची म्हणत्यात, कारंजं लावायचंय, तुमी भाजीवाल्या दुसरीकडं बसा. दुसरीकडं कुटं, तर ते न्हाय सांगत. म्हटलं विचारलंस का कुणाला? म्हणाली कुणाला विचारू, पत्रे ठोकणारी माणसं म्हणाली आमाला म्हायती न्हाय.

जेवण गेलं न्हाय मला त्या दिशी. चिडचिड करत व्हते तर जावई म्हणाले, आई, इथं आज नगरपालिकेची सभा आहे, आमच्या गल्लीतल्या फूटपाथचा विषय आहे, चला, तेवढंच मन रमेल. गेलो, बाळाला घेऊन समदी. दिवाणखान्याएवढा हॉल, समोर निवडून दिलेली माणसं ओळीनं बसल्याली, मधी मेयरबाई, जावई म्हणाले ह्यांचं खिळे-मोळ्यांचं दुकान आहे कोपऱ्यावर. आणि बाजूला एक कोटवाला. म्हटलं हा मोठा साहेब का? तर म्हणाले नाही, तो मॅनेजर, कारभार तो चालवतो, पण ह्या लोकांनी त्याला पगारावर ठेवलाय, नको झाला तर काढतात. मला म्हणाले, पूर्वी इथल्या मोठ्या शहरांत एकेक दादा असायचा, कामाची कंत्राटं त्याची, नोकऱ्या तो देणार, गरिबाला थंडीत कोळसाबी तोच देणार, आणि बदल्यात मतं घेणार. लोक विटले, भांडभांड भांडले, मंग कुठंकुठं ही मॅनेजर ठेवायची पद्धत आली, सभा उघड्यावर झाल्या. जावई म्हणाले तरी आई, स्वर्ग समजू नका, बघा निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. म्हटलं असू द्या, पण मॅनेजर कुटं बसलाय ते बघते मी. नोकर नोकराच्या जागी बसल्याला मी लई वर्षांनी बघत व्हते.

आणि मंग काय झालं, एक म्हातारा उठला, माईकपाशी गेला, आदी नाव सांगितलं, गल्ली सांगितली, मंग बोलला. अहो, अंगावर काटा आला माझ्या! ही तर आमची रीत! ही आमच्याकडनं काढून घेतली आणि हितं नांदतीया? मी उठले. मनीषा पदर ओढतीया, आई, अगं तुझं इथं काय? म्हटलं तू फकस्त सांग त्यांना मी काय म्हणते ते. माईकपुढं उभी ऱ्हायले, म्हटलं मी यमुना, वरची आळी, आणि समदा बाजारतळ सांगितला, चिंच, पत्रे, शांताबाईचं रडणं. तीन मिनिटं देत्यात, मनीषा सांगत गेली, कुणी हसलं न्हाय. मेयरबाई शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, ताई, हे आमच्या हातात नाही, वाईट वाटतं, पण हे तुमच्या शहराच्या सभेत सांगितलंत का?

ते वाक्य मला लागलं, खोटं न्हाय सांगत. ज्यांच्या हातात काय न्हाय ते ऐकून घेत्यात, आणि ज्यांच्या हातात हाय ते दार उघडत न्हाईत. घरी येऊन रडले मी, रागानं रडले.

परत आले ती बॅग टाकून पालिकेच्या हापिसात गेले. साहेब व्हिजिटला. पुन्हा गेले, साहेब मीटिंगला. शेवटी सापडले, तर मान वर न करता म्हणाले, आपण कोण? हरकतीची मुदत संपली, पेपरात जाहिरात दिली होती, वाचता येतं ना? म्हटलं येतं, पण आमच्या गावात हलगी वाजवत्यात. म्हणाले हे आता गाव नाही, बाई. आणि निवडणूक झाली एकदाची, तर एका प्रभागाला चार नगरसेवक, पहिला म्हणतो दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणतो वरून आलंय. संताप संताप झाला नुसता.

मंग मी बापूकडं गेले. म्हटलं बापू, हलगी काढ. म्हणाला, वैनी, सभाच न्हाय तर वाजवू कशाला? म्हटलं तू वाजव, सभा मी भरवते. बुधवारी बापू समद्या आळ्या फिरला, नव्या सोसायट्यांच्या गेटवरबी वाजवून आला. गुरुवारी आमी पत्र्याला लागून रस्त्याच्या कडंला भाज्या मांडल्या, आणि सभा लावली. एकेकजण उभं ऱ्हायलं, नाव, आळी, मंग बोललं. सोसायटीतली एक बाई उठली, बिल्डिंगचं नाव सांगून म्हणाली, आम्हाला बाग हवी असं कुणी ठरवलं, आम्ही भाजी इथूनच नेतो.

तेवढ्यात अतिक्रमणची गाडी आली, मागनं जीपमधी तेच हापिसातले साहेब. उतरले, वरडायला लागले, कुणाच्या परवानगीनं चाललंय हे, उचला सगळं. मी म्हटलं, साहेब, बोला ना, तुमालाबी बोलायचा हक्क हाय. पण रीत हाय आमची. आदी नाव सांगा, कुटनं आला ते सांगा, मंग बोला. साहेब माझ्याकडं बघत्यात, शर्टावरची नावाची पाटी हातानं झाकत्यात. अहो, नाव सांगंना माणूस! आमचा बाजार उठवायला आलेला, आणि त्याला स्वतःचं नाव सांगवंना. जीपमधी बसला आणि गेला.

पत्रे अजून हायेत, चिंच आत हाय. गाडी परत येईल, कवा जुड्या उचलून नेतील, नेतात बी. आमी दर बुधवारी हलगी वाजवतो, गुरुवारी बसतो. तुमी कर्वेनगरला ऱ्हाता न्हवं? सुखी ऱ्हावा, लेकराबाळांत ऱ्हावा. आणि तुमच्या दारापुढं कवा न विचारता पत्रे उभे ऱ्हायले, तर निरोप धाडा, बापूला घेऊन येते मी.