तपासणी बाकी

(बदलापूर पश्चिम, हेंद्रेपाडा. सोसायटीच्या आवारात बॉनेट उघडलेली एक जुनी, उंच डिझेल गाडी.)

नीलिमा : चालू करून बघितली, बंद केली. आवाज अजून येतो. मी सही करणार नाही.

नरेंद्र : जुन्या डिझेल इंजिनाला आवाज असतोच.

नीलिमा : तो घरघरणारा. हा टकटकणारा आहे, आणि सकाळी नव्हता.

प्रगती : आई करेक्ट बोलतेय, पप्पा. आतून कुणीतरी कडी वाजवतंय असं वाटतं.

नरेंद्र : नीलिमा, उद्या पहाटे निघायचं आहे. आक्का तिकडे तिच्या घरी, कॅम्प पाचला बॅग भरून बसली असेल. गुडघे गेल्यापासून तिला दीक्षाभूमी दिसलेली नाही. रेल्वेची पायरी चढवत नाही म्हणून तर नागपूरपर्यंत गाडी न्यायची, हा सगळा खटाटोप. आणि तू एका टकटकीवर अडून बसलीस?

नीलिमा : अडून बसण्याचा नियम तुमचा. आनंदनगरच्या कारखान्यात जन्मभर मेंटेनन्स केलंत आणि निवृत्त होताना तिथला कायदा घरी घेऊन आलात. उघडलेल्या प्रत्येक भागाला लाल टॅग. ज्याने काम केलं त्याने तो काढायचा नाही. दुसऱ्याने तपासायचं, सही करायची, मग टॅग निघणार. आणि शेवटचा टॅग निघेपर्यंत चावी तपासणाऱ्याकडे. ती माझ्या पर्समध्ये आहे.

नरेंद्र : नियम केला तेव्हा तपासनीस म्हणून विज्ञानाची शिक्षिका लाभेल, हे गृहीत धरलं नव्हतं.

प्रगती : मला नेमायचं ना पप्पा. मी डोळे मिटून सही मारली असती.

नीलिमा : म्हणूनच तुला हेल्पर ठेवलं. आता दोघांनी ऐका. गाडी उभी असताना आवाज येतो, म्हणजे चाकं निर्दोष. ॲक्सिलरेटर दाबला की तो जलद होतो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. सकाळी नव्हता, आता आहे. मधल्या काळात गाडीजवळ फक्त तुम्ही दोघं होतात.

प्रगती : उलटतपासणी गाडीची चाललीय की आमची?

नीलिमा : गाडीने अजून एकही सबब सांगितलेली नाही. दुपारी काय बदललंत?

नरेंद्र : फॅनबेल्ट. आणि रेडिएटरचा वरचा होज, पाण्याची रबरी नळी. बेल्ट उत्तम बसलाय, तूच पास केलास.

नीलिमा : बेल्ट केला. होज?

नरेंद्र : होजसुद्धा... थांब. होजचा टॅग तू काढलास ना?

नीलिमा : होजला टॅग नव्हताच. मला वाटलं, तुम्ही त्याला हात लावला नाहीत.

प्रगती : नव्हता कसा? मी स्वतः बांधला, कसम से. दोन गाठी मारल्या.

नरेंद्र : इंजिन बंद आहे?

नीलिमा : बंद आहे, चावी माझ्याकडे आहे. वाका.

प्रगती : टॉर्च धर गं आई. जरा डावीकडे... आई शपथ! पप्पा, हा बघा. सुतळी लांब राहिली, तर फॅनने टॅगच आत ओढून घेतलाय. पातं फिरलं की टक्. अर्धा सोलून निघालाय बिचारा.

नरेंद्र : म्हणजे गाडीत दोष नाही.

नीलिमा : नव्हता. तुमच्या नियमाने तो तयार केला.

नरेंद्र : नियमाने नाही. सुतळीने.

प्रगती : सेफ्टीच्या टॅगने गाडी बिघडवणारं पहिलं खानदान आपलं. ग्रुपवर टाकू का?

नीलिमा : आधी त्यावर काय उरलंय ते वाच.

प्रगती : 'सणी बाकी'. पुढचं... नाही, आधीचं फॅनने खाल्लं.

नीलिमा : मग ती बाकी संपवूया. स्क्रूड्रायव्हर दे. होजची क्लिप... ही सैल आहे.

नरेंद्र : शक्य नाही. मी घट्ट केली होती.

नीलिमा : मग माझ्या हातात हा स्क्रू अजून का फिरतोय? हं. आता थांबला.

प्रगती : पप्पा, तेव्हाच प्रमोदकाका गाडी लावायला आले होते. तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याशी भांडायला गेलात.

नरेंद्र : ते भांडण तत्त्वाचं होतं. माझ्या पार्किंगमध्ये लावतो तो.

प्रगती : असेल. पण ही क्लिप सुटली असती तर?

नरेंद्र : समृद्धी महामार्गावर सगळं पाणी गेलं असतं. इंजिन तापलं असतं, आणि आक्का भर उन्हात कठड्यापाशी बसली असती. म्हणजे बघ नीलिमा, तो टॅग ओरडून सांगत होता, मला तपासा म्हणून.

नीलिमा : त्याला हेतू चिकटवू नका. पातं लागत होतं म्हणून वाजत होता. निष्कर्ष दोनच : सुतळी आखूड हवी, आणि भांडायला रिकाम्या हाताने जावं.

नरेंद्र : मान्य. आता सही कर आणि चावी दे.

नीलिमा : एक टॅग अजून आहे.

नरेंद्र : कुठे?

नीलिमा : स्टिअरिंगला. मघाशी मी बांधला.

प्रगती : 'चालक. तपासणी बाकी.' आई गं!

नरेंद्र : हा विनोद आहे का?

नीलिमा : ब्रेक तपासले, टायर तपासले, वायपरचं रबरसुद्धा तपासलंत. चालक कुणी पास केला? चालकानेच. तुमच्या कारखान्यात चाललं असतं हे?

नरेंद्र : जूनमध्ये मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे.

नीलिमा : उजवा. परवा रात्री अंबरनाथहून येताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही शिव्या घातल्यात, की डोळ्यांवर प्रकाश मारतो. आता सगळ्या रस्त्याने एकाच रात्री दिवे बदलले, की एका माणसाचा डावा डोळा बदलला? जास्त शक्य काय?

नरेंद्र : एका रात्रीवरून निष्कर्ष?

नीलिमा : काढला नाही. म्हणून 'बाकी' लिहिलंय. 'नापास' लिहिलेलं नाही.

प्रगती : मग आत्ताच टेस्ट घेऊ. पप्पा, उजवा डोळा झाका. गेटजवळची पांढरी गाडी, तिचा नंबर वाचा.

नरेंद्र : एम एच झिरो फाइव्ह, एकाहत्तर त्रेचाळीस. झालं समाधान?

प्रगती : चीटिंग! ती प्रमोदकाकांची गाडी आहे. तुम्ही सोसायटीला तिच्याविरुद्ध एवढे अर्ज दिलेत, नंबर तुम्हाला पाठ आहे.

नरेंद्र : प्रश्नपत्रिका तू काढलीस.

नीलिमा : प्रयोग बाद. तिच्या शेजारच्या टेम्पोचा वाचा.

नरेंद्र : कोणता टेम्पो?

प्रगती : ...पप्पा.

नरेंद्र : थांब, हात काढतो. हा... हो. आहे टेम्पो. निळा आहे. उजव्याने नंबरही वाचता येतो.

नीलिमा : उजव्याबद्दल वाद नव्हता.

नरेंद्र : आक्काला मी सांगितलंय, तुझा भाऊ स्वतः चालवत घेऊन जाईल. आता काय सांगू?

नीलिमा : काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. टॅग माझा आहे, पण कारखान्यातला पंप सोडायचा की थांबवायचा, हे मला तुमच्याइतकं कळत नाही.

नरेंद्र : वरून कितीही दबाव आला तरी शंका असलेला पंप मी कधी चालू होऊ दिला नाही. लिही. नापास. दिवसासुद्धा. डावा डोळा होईपर्यंत गाडी प्रगती चालवेल.

प्रगती : नक्की? मागून 'गिअर बदल, गिअर बदल' करणार नाही ना?

नरेंद्र : त्याची हमी नाही.

नीलिमा : ही घे गं चावी. कामाला जाताना कॅम्प पाचच्या अरुंद गल्लीतून जी रोज गाडी काढते, तिला समृद्धी म्हणजे मैदान. आणि तुम्ही जरा मागे बसून बघा, आक्का बसणार त्या जागी. ती जागा कुणी तपासलेली नाही.

नरेंद्र : त्यात काय तपासायचं? सीट आहे, पट्टा आहे. हा चढलो की... अगं आई!

प्रगती : काय झालं?

नरेंद्र : ही पायरी एवढी उंच कधी झाली?

प्रगती : आधीपासून आहे. तुम्ही पुढे स्टिअरिंग धरून चढता, म्हणून कळलं नाही.

नरेंद्र : माझाच गुडघा बोलला. रेल्वेची पायरी आक्काला जमत नाही म्हणून गाडी काढली, आणि हिची पायरी...

नीलिमा : जवळजवळ तेवढीच आहे.

नरेंद्र : अख्खं इंजिन उघडलं. मागचं दार उघडून बघितलं नाही.

प्रगती : आत्याचाच फोन येतोय. काय सांगू?

नरेंद्र : जय भीम घाल आणि बोलत राहा. नीलिमा, तो खोका दे. दिवसभर मी बसलोय तो, लाकडी. मीच ठोकलेला आहे, माझं वजन पेलतो. दाराखाली असा सरकवला की अंतर निम्मं होतं.

प्रगती : जय भीम, आत्या! हो गं, झाली सगळी तयारी. गाडी पास, पप्पा फेल. नाही नाही, निघणार तर आहोत, मी चालवणार. काय? हो, विचारते. पप्पा, ती विचारतेय, गाडीत चढायला जमेल ना?

नरेंद्र : एक मिनिट म्हणावं. खोका मी केलाय, म्हणून मी बोलायचं नाही. नीलिमा, तू चढून बघ.

नीलिमा : डगमगत नाही. एक पाय... दुसरा. बसले. पाय नीट पसरतात.

नरेंद्र : सांग तिला, जमेल.

नीलिमा : नका सांगू. माझे गुडघे धड आहेत, माझ्यावरून त्यांचं सिद्ध होत नाही. खोक्याला टॅग बांधा, आखूड सुतळीने. तो उद्या आक्काच काढतील.

प्रगती : आत्या, ऐक. सकाळी चष्मा आणि पेन हाताशी ठेव. तुझी सही झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.