पंख्यामागच्या सात गाठी

मी, तानी लडकू वाघे, वय अंदाजे सत्तर, धंदा शेतमजुरी, राहणार पडघ्याच्या वरचा पाडा, सध्या मुक्काम मुलाकडे, खारबाव, ता. भिवंडी.

हवालदारांनी हे नाव सकाळपासून तीन वेळा विचारलं. पुढे वाचणारे साहेबही विसरतील, म्हणून जरा मोठ्या अक्षरात लिहा असं मी सांगितलं. वय मी विसरले तर चालतं, मला लिहिता येत नाही. तुमच्याकडे तर पेन आहे.

मी ठाण्यात स्वतःहून, कोणी न बोलावता येऊन सांगते की, माझा मुलगा रघू, वय ३४, हा खाडीच्या धक्क्यावर आल्हाद साहेबांची पांढरी बोट चालवतो. सुट्टीला आलेल्या लोकांना खाडीत फिरवून आणणे हे त्याचं काम. या बोटीचं इंजिन आत असतं आणि मागे पाण्यात एक पाय सोडलेला असतो. पायाला पंखा. पायाच्या आत गिअर असतात, ते तेलात बुडलेले लागतात. तेल किती आहे ते इंजिनाजवळच्या बाटलीत दिसतं. ही माहिती मला रघूने दिली. बाटली बघायला शाळा लागत नाही.

होळीनंतर बाटलीतलं तेल उतरायला लागलं. रघू दर आठवड्याला भरायचा, पुन्हा उतरायचं. त्याने आल्हाद साहेबांना दोन वेळा सांगितलं. दोन्ही वेळा मी डबा घेऊन धक्क्यावर होते. साहेबांनी गाड्यावर चढवलेल्या बोटीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. ते म्हणाले, "खाली थेंब नाही. मग तेल जातं कुठे? तू पितोस?" रघूने बाटली पुन्हा भरली.

गेल्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास खाडीच्या मध्यावर पायातून दगड दळल्यासारखा आवाज आला व बोट बंद पडली. बोटीत नऊ माणसं होती. कोणाला इजा नाही. दुसऱ्या होडीने ओढून आणली. बाटली रिकामी निघाली. त्याआधी चार दिवस रघूने पाड्यावरच्या लग्नाला जायला सुट्टी मागितली होती, ती मिळाली नव्हती. यावरून साहेबांनी रघूने रागाने तेल काढलं असा संशय घेतला.

बुधवारी सकाळी वसईची गाडी गेल्यावर, अंदाजे दहा वाजता, विशाल नावाचे मेकॅनिक आले. मी उलट्या क्रेटवर बसून सगळं पाहिलं. आधी त्यांनी पायाचा खालचा बोल्ट काढला. उरलेलं तेल आलं ते दुधाळ. मी म्हटलं, "चहा सांडला का रे?" विशाल म्हणाले, "आजी, पाणी शिरलंय. तेल बाहेर गेलं त्याच वाटेने." मग पायात हवा भरून हवेचा दाब दाखवणारा काटा लावला. दहा मिनिटं काटा हलला नाही. साहेब म्हणाले, "बघा, कुठेच गळत नाही." विशालने पंखा हाताने फिरवला, तसा काटा खाली बसला. साबणाचं पाणी टाकलं तर पंख्याच्या मागून फुगे आले. म्हणजे बोट उभी असताना तेल गळत नव्हतं, चालताना गळत होतं. जमीन कोरडी का, ते सगळ्यांना तेव्हा कळलं.

पंखा काढला. मागे दांड्याला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, गुंडाळली होती, वितळून कडी झाली होती. तिने आतलं रबरी सील कापलं होतं. विशाल म्हणाले, कोळ्यांच्या जाळ्याची असेल, खाडीत असं होतं. साहेबांनी ती हातात घेतली. एक टोक वितळलेलं नव्हतं. त्यात गाठी होत्या, एकीजवळ एक, सारख्या अंतरावर. साहेब म्हणाले, "पाणी गाठी मारत नाही. हे कोणीतरी बांधलंय."

रघूने गाठींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाला, "आये, तू घरी जा. डबा घेऊन जा, मला भूक न्हाय." डबा उघडला नव्हता. त्यानंतर त्याला इथे आणलं.

त्या वेळी मी का बोलले नाही असं हवालदारांनी विचारलं. ते लिहू नका असं मी म्हटलं, तर त्यांनी तेही लिहिलं.

आता खरं ते असं. ती तंगूस मी बांधली. आमच्यात नवा नांगर आला की पहिल्या दिवशी फाळाला सात गाठींचा दोरा बांधतात. जे टोक माती फोडतं, त्याला. बोट रघूच्या हाती आली तेव्हा साहेबांनी नारळ पुढे फोडला, हारही पुढे घातला. पुढचं टोक नुसतं मिरवतं. पाणी फोडतो तो पंखा. मी पंखा आणि पाय यांच्यामधल्या फटीत सुताचा दोरा बांधला. रघू हसला, "आये, यो नांगर न्हाय." आठवड्यात दोरा गेला. नांगराचाही जातो, मातीत जायलाच हवा. पण रघूला पोहता येत नाही, हे साहेबांना माहीत नाही, मला माहीत आहे. म्हणून होळीच्या आदल्या दिवशी धक्क्यावरच्या कोळणीकडून तंगूस मागितली, पाण्यात टिकेल अशी. सात गाठी मारल्या, हळद लावली, बांधली. रघूला सांगितलं नाही. गाठी मात्र तो ओळखतो. लहानपणी त्याच्या मनगटाला मीच बांधायचे.

तेल त्याने काढलेलं नाही. बोट मी बिघडवली. चांगलं व्हावं म्हणून बांधलं होतं, हे लिहा किंवा राहू द्या, पण बांधलं मीच. त्याच्या जागी मला बसवा. बाकावर बसायची मला सवय आहे, रेशनच्या दुकानात असाच दिवस जातो.

वरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, दोन जागी अडखळले, तिथे मी पुढचं सांगितलं. मी बोलले तसाच आहे. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे.

सून भाग्यश्री बाहेर उभी आहे, तिला एवढा निरोप द्यावा: डबा एकाचाच पाठव. तांदळाची भाकर आमटीत कुस्करून, सुकट बारीक वाटून, मला दात नाहीत. रघू घरी जेवेल.