पास्कूची गाठ

बायकोचं नाव रेशनकार्डावरून कमी करायच्या रांगेत मी उभा होतो. पुढे मढच्या दोघी होत्या, सेराफिना आणि तिची शेजारीण व्हायोलेट. सेराफिनाचा नवरा पास्कू दारू गाळली म्हणून तुरुंगात होता.

"पास्कू काम करतो का गं आता?"

"आधी म्हणाला, सक्तीने राबणार नाही. मग जेलरसाहेबांनी प्रेमाने समजावलं. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत."

"केवढी माया!"

"आता मासेमारीची जाळी विणतो. साहेब खूश. म्हणतात, नाताळाआधी सोडतो."

"मग झकास की!"

"कसलं झकास! सगळ्या कैद्यांना त्याने एक गाठ शिकवलीय. साहेबांनी हौदात भिजवून, ओढून पाहिली, पक्की. पण मासा तडफडला की सुटते."

"अगं बाई! जाळी घेणार कोण?"

"साहेबांचा मेहुणा. नवी होडी काढलीय. जाळी नाताळाआधीच समुद्रात टाकणार."

"म्हणजे पास्कूची सुटका गेली! गाठ बदल म्हणून सांग ना त्याला."

"तेच सांगायला काल भेटीला गेले. मग ती बोटं पाहिली."

"आणि?"

"माझ्या बापाची गाठ शिकवून आले. ती त्याच्या गाठीहून लवकर सुटते."