भज्यांच्या कागदावरचा टीबी

दवाखान्यातली गोष्ट बाहेर फुटत न्हाई म्हणणाऱ्यांचं मला लय हसू येतं. आमच्या शेजारच्या कौसाबाईच्या सुनंदाचा टीबी पार बरा झालेला. जिंतूरचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा हॉटेलातून भजी मीच आणली अन् पुडा तसाच मधी ठेवला. भजी संपली, तसा मुलाचा बाप खालचा कागद वाचायला लागला. आमच्या डॉक्टरानं जुने केसपेपर रद्दीत विकलेले. वर सुनंदाचं नाव, खाली टीबी!

"आमी कळवितो, बाई," म्हणून पाहुणे उठले.

कौसाबाईनं तो तेलकट कागद डॉक्टरापुढं आपटला. डॉक्टर उलट तिलाच दरडावतो, "पेशंटचा कागद दवाखान्याबाहेर न्यायला कायद्यानं मनाई आहे, बाई! तुम्ही नेलाच कसा?"