आरतीच्या वेळची सवत

सवत कशी असते, ते मला मार्गशीर्षातल्या गुरुवारी कळलं बरं का! ह्यांनी चाकणच्या कंपनीतून तापमान कळवणारं इवलंसं बिनतारी यंत्र आणि त्याचे निरोप घेणारा रिसीव्हर तपासायला घरी आणलेला. त्याची बॅटरी भराभर उतरत होती, म्हणून मीटर लावून हे त्या यंत्रापुढेच बसलेले.

"अहो, आरतीला या ना!"

"थांब गं, काम नसताना झोपायला हवी, तर ही झोपतच नाहीये."

ही म्हणे! माझ्या झोपेची कधी चौकशी केली नाही.

तेवढ्यात हे ओरडले, "रिसीव्हरचा प्लग कोणी काढला?"

"मी. देवीपुढं दिव्यांची माळ लावायची होती."

"अगं, म्हणूनच! ही बिचारी सारखी हाका मारतेय आणि कोणी ओ देत नाही. त्यातच दमते."

"आणि मी मघापासून काय करतेय?"

हे उठले, हात धुतले आणि घंटा हातात घेतली.