दोन अर्धे अर्ज

अभियंता : नामंजूर नाही झाला, काका. अर्धा आहे म्हणून परत आलाय.

धाकटा : अर्धा कसा? लाँड्रीचं नाव, माझं नाव, बॉयलरचा नंबर, सही. सगळं भरलंय. तुमच्याच नगरपालिकेतल्या त्या चष्मेवाल्या कारकुनासमोर बसून भरलंय.

अभियंता : अर्जदार क्रमांक दोन?

धाकटा : तो रकाना मोकळा सोडला.

अभियंता : अहो, योजनाच दोघांची आहे. शेजारचा बर्फाचा कारखाना गरम पाणी देणार आणि तुमची लाँड्री ते घेणार. देणाऱ्याची सही नको का?

धाकटा : ती तुम्ही घ्या. नोटिसा पाठवताना बरे हात लांब होतात नगरपालिकेचे.

अभियंता : नोटीस माझ्या विभागाची नाही.

धाकटा : कुणाची का असेना, आली ना? महिनाअखेर कोळशाचा बॉयलर बंद. बंद म्हणजे सील ठोकणार. ह्या चादरी बघा. इस्पितळाच्या, रोज चारशे. गार पाण्यात बुचकळून देऊ? बरा होत आलेला माणूस पुन्हा आडवा व्हायचा. आणि ह्या चौदा बायका, ह्यांना काय सांगू? उद्यापासून घरीच बसा, आपल्या गल्लीची हवा सुधारली?

अभियंता : तसं व्हायला नको म्हणून तर मी आठवड्यात तिसऱ्यांदा तुमच्या दारात आलेय. धूर कमी करायचाय, काका. धंदा नव्हे. चौदा घरांचं उत्पन्न बुडवून धूर कमी केला, तर उद्याच्या सभेत मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

धाकटा : बोलता छान. बसा, त्या गठ्ठ्यावर बसा, धुतलेला आहे. आता ते बर्फातून गरम पाणी कसं निघतं, ते पुन्हा एकदा सांगा. ह्या बायका मला हसतात. म्हणतात, मालकांचं काहीतरी बिनसलंय, बर्फावर कपडे उकळायला निघालेत.

अभियंता : पाण्यातली ऊब काढून घेतली की बर्फ होतो. मग ती काढलेली ऊब जाते कुठे? तुमच्या भावाच्या गच्चीवर दिवसभर वाफ दिसते ना? तीच ती. वाऱ्यावर सोडलेली. मध्ये एक यंत्र बसवून ती पाण्यात धरायची आणि नळाने तुमच्याकडे आणायची. पंचावन्न अंशांपर्यंत तापलेलं येईल. वरचं थोडं विजेवर तापवा.

धाकटा : आणि कोळसा?

अभियंता : पोतंसुद्धा नको. यंत्राचा आणि नळाचा निम्मा खर्च नगरपालिकेचा. तुमच्या भावाची यंत्रंही जरा कमी वीज खातील.

धाकटा : म्हणजे त्यांचाही फायदा आहे! मग त्यांनी यावं की विचारायला.

अभियंता : हेच वाक्य आज सकाळी मी ऐकलंय.

धाकटा : कुणाकडून?

अभियंता : हा कागद बघा. अर्जदार क्रमांक एक, बर्फाचा कारखाना. क्रमांक दोन, मोकळा.

धाकटा : ही... ही त्याचीच सही. शेपटी बघा केवढी काढलीय. शाळेपासून अशीच काढतो, मास्तर मारायचे.

अभियंता : तारीख बघा.

धाकटा : माझ्या आधी चार दिवस.

अभियंता : दोन अर्ज आले आणि दोन्ही अर्धे. आमचे साहेब म्हणाले, हे डिंकाने चिकटवून चालत नाही. एका कागदावर दोन सह्या हव्यात, आणि दोघंही सभेत हजर हवेत. उद्या अकराला सभा आहे. ह्या वर्षाची शेवटचीच. ती चुकली तर ही मदत पलीकडच्या गल्लीतल्या बेकऱ्यांना जाईल. ते केव्हाचे रांगेत आहेत.

धाकटा : चार दिवस आधी सही करून बसलाय आणि भिंतीपलीकडून एक शब्द नाही!

अभियंता : तुम्ही पाठवला होतात शब्द?

धाकटा : बाई, तुम्हाला भाऊ आहे?

अभियंता : आहे. तोही असाच आहे. चला.

धाकटा : कुठे?

अभियंता : शेजारी. पंधरा पावलंही नाहीत.

धाकटा : अकरा वर्षं झाली त्या दारातून गेलो नाही. माझ्या धुराड्याची काजळी त्याच्या बर्फात गेली. मासळीबाजारातून अख्खी गाडी परत आली, लाद्यांत काळे ठिपके म्हणून. त्याने काय करावं? सगळ्या लाद्या आणून माझ्या दारात रचल्या. संध्याकाळपर्यंत वितळत होत्या. ह्या बायका परकर सावरून उड्या मारत ये-जा करत होत्या.

अभियंता : आणि तुम्ही?

धाकटा : मी बोललो. म्हटलं, तुझ्या बर्फात निदान ठिपके तरी सापडले, तुझ्या आत तेवढंही सापडायचं नाही. सगळी गल्ली ऐकत होती.

अभियंता : हं.

धाकटा : हं म्हणू नका हो असं, आमची आई म्हणायची तसं. चला. पण मी दारातच उभा राहीन. आत पाऊल टाकणार नाही, आधीच सांगतो.

(शेजारचा बर्फाचा कारखाना. यंत्रांची घरघर.)

थोरला : दार लावा. गारवा जातो.

अभियंता : काका, मी सकाळी आले होते ती.

थोरला : तुम्हाला ओळखलं. दारात उभे आहेत त्यांना सांगा, आत तरी या नाहीतर बाहेर तरी व्हा. अधेमधे उभं राहिलं की यंत्रांना धाप लागते.

धाकटा : त्यांना सांगा, मी सहीसाठी आलोय. गारवा खायला नाही आलो.

थोरला : त्यांना सांगा, माझी सही कधीच झालीय. ह्यांचं सगळं उशिराच असतं. जन्मालासुद्धा तीन आठवडे उशिरा आले.

अभियंता : मी पोस्टात नाही कामाला. तुम्ही दोघं एकमेकांशीच बोला.

धाकटा : ... लावलं दार. आलो आत. झालं?

अभियंता : हा कोरा अर्ज. सह्यांच्या आधी एक मात्र ऐकून घ्या, नंतर मला बोल लावू नका. नळ टाकला की काम संपलं, असं नाही. रोज पहाटे यंत्र सुरू झालं की इकडची झडप हाताने उघडायची. तिकडे पाणी किती तापलंय ते बघायचं, आणि इकडे सांगायचं, थोडी सोड, थोडी आवळ. पाणी जुळेपर्यंत. निदान पहिले सहा महिने.

थोरला : आपोआप चालणारी झडप मिळते की बाजारात.

अभियंता : मिळते. आमच्या मंजुरीत बसत नाही.

धाकटा : म्हणजे रोज बोलावं लागणार?

अभियंता : रोज.

थोरला : चिठ्ठी चालेल?

अभियंता : चिठ्ठी पोचेपर्यंत पाणी निवेल, काका.

धाकटा : सही करतो. पण आधी एक विचारतो, बाई. नोटीस आभाळातून पडत नाही. धुराची तक्रार कुणी केली?

अभियंता : तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही.

थोरला : मी सांगतो. मी केली.

धाकटा : ऐकलंत? अकरा वर्षं झाली तरी ती काजळी गेली नाही ह्याच्या मनातून!

अभियंता : काका, जाऊ नका. थांबा जरा.

धाकटा : थांबून काय करू? आधी माणसाचा पाय मोडायचा, मग वर आपणच कुबडी आणून द्यायची! असलं पाणी नको मला. बेकरीवाल्यांना देऊन टाका.

थोरला : बर्फावर मी पत्रे घातलेत. दहा वर्षं झाली. एक ठिपका पडत नाही आता.

धाकटा : मग कशाला केलीस तक्रार?

थोरला : तुझ्या छातीवर पत्रा घालता येतो का?

धाकटा : काय?

थोरला : चारला बॉयलर पेटवतोस आणि सव्वाचारला खोकायला लागतोस. आधी पाच मिनिटांत थांबायचास. ह्या वर्षी अर्धा अर्धा तास चालतं. मधली भिंत विटेची आहे, छोट्या. माझे कान विटेचे नाहीत. तुझ्या वहिनीने दोनदा निरोप धाडला, डॉक्टरला दाखव म्हणून. तू सांगून पाठवलंस, धुळीचं आहे.

धाकटा : ते निरोप तुझे होते?

थोरला : वहिनीला स्वप्न पडलं होतं का?

अभियंता : काका, आता सांगूनच टाकते. ज्या दिवशी ह्यांनी तक्रार दिली, त्याच दिवशी हे माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, नुसतं बंद करून जाऊ नका, त्याच्या चौदा जणींचं आधी बघा, माझ्या यंत्रांची ऊब फुकट जाते ती तिकडे वळवता येईल का बघा. मी फक्त गणित मांडलं. कुणाची कल्पना ते सांगू नका म्हणाले होते.

धाकटा : हे मला का नाही सांगितलंस?

थोरला : कसं सांगू? तूच सगळ्या गल्लीला सांगितलं होतंस, माझ्या आत काही नाही.

धाकटा : दादा, मी तेव्हा...

थोरला : असू दे. मीही लाद्या दारात रचायला नको होत्या. एखादी घसरली असती.

धाकटा : एक घसरली होती. त्या दोरीपाशी असतात ना, त्या मावशी. बसल्या बसल्या पार रस्त्यापर्यंत गेल्या. अजून सांगतात आणि हसतात.

थोरला : लागलं नाही ना?

धाकटा : अकरा वर्षांनी विचारतोस?

अभियंता : पेन कुणाला देऊ?

थोरला : त्याला द्या. क्रमांक एक त्याचा.

धाकटा : थोरला तू आहेस.

थोरला : नडलंय तुझं. कर.

अभियंता : इथे. खाली तारीख. आता तुम्ही, काका. शेपटी जरा आवरती घ्या, साहेबांच्या शिक्क्याला जागा ठेवा. ... झालं. उद्या अकराला. आणि दोघं वेगवेगळे येऊ नका हो.

थोरला : मी घेऊन येतो ह्याला. घड्याळाशी ह्याचं जुनं वैर आहे.

धाकटा : माझं राहू दे. पहाटेचं बोल. चारला उठवेल का तुला रोज? वय झालं आता.

थोरला : उठतोच आहे इतकी वर्षं. गजर कधी लावला नाही. तू खोकलास की जाग येते.

धाकटा : आता धूरच नसेल.

थोरला : तेच म्हणतोय. मग उठायचं कसं मी?

धाकटा : हाक मारीन, दादा.